धण्याचा माठ, तिळाची केळी

वरणगावातून बोलतेय. आजचा भाग रेल्वेवर आहे, पण इंजिनावर नाही. इंजिनाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आज बोलायचंय ते स्टेशनातल्या लाल बादलीवर, घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर, पाण्याच्या माठावर आणि फाटकाआधी दिसणाऱ्या 'सी/फा' लिहिलेल्या पिवळ्या पाटीवर. या वस्तू आपण शंभर वेळा पाहिल्यात, पण थांबून एकदाही पाहिल्या नाहीत.

हा विषय डोक्यात आला कारण मी घरी एका फळीवर छोटं रेल्वे स्टेशन बांधतेय. या छंदाला मॉडेल रेल्वे म्हणतात आणि त्या अख्ख्या देखाव्याला लेआउट. गाडी आणि रूळ विकत मिळतात. बाकीच्या बारीकसारीक वस्तू हौशी लोक घरच्या टाकाऊ सामानातून स्वतः करतात. किट नाही, साचा नाही, सगळं शून्यापासून. अशा वस्तूला स्क्रॅचबिल्ट म्हणतात.

आजचं म्हणणं एका वाक्यात सांगते. इंजिन म्हातारं झालं की त्याला संग्रहालयात जागा मिळण्याची शक्यता असते. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून हे काम करतंय. पण बादली, कंदील, पाटी, माठ म्हातारे झाले की सरळ भंगारात. म्हणजे ज्या वस्तूंना रोज माणसाचा हात लागायचा, त्याच इतिहासातून आधी गळतात. आणि त्या टिकवायचं काम बऱ्याचदा इतिहासकार नाही, तर हातात कात्री आणि फेव्हिकॉल घेतलेले छांदिष्ट लोक करतात.

खेळणं ते इतिहास

आधी थोडं मागे जाऊ. जर्मनीत मेर्कलिन नावाची खेळण्यांची कंपनी आहे. १८९१ मध्ये तिने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापं असलेल्या खेळण्यातल्या गाड्या मांडल्या. माप ठरलं म्हणजे काय झालं? आज एक डबा घ्या, पुढच्या दिवाळीला दुसरा घ्या, रूळ वाढवत न्या, सगळं एकमेकांना जुळतं. खेळण्याचा छंद झाला तो इथून. पुढे एचओ नावाचं माप जगभर रुळलं. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात. हा ८७ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे या. पुण्यात कोथरूडला, संगम प्रेसच्या आवारात, 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे' आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडलं. तिथे एक अख्खं छोटं शहर आहे. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवस मावळतो आणि शहरात दिवे लागतात. गाड्या बघायला म्हणून गेलेली मुलं शेवटी बोट कुठे दाखवतात माहितीये? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे आणि सर्कशीच्या तंबूकडे. गाडी तर गोल फिरून परत येणारच असते. नजर अडकते ती बारकाव्यात.

आणि या बारकाव्यातून खरोखर इतिहास लिहिला गेल्याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून तिकडे गेला. ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली गवताने शाकारलेली जुनी घरं त्याला फार आवडली. पण त्याच्या डोळ्यांदेखत ती बदलत होती, मोडत होती. जतन करायला ना पैसा होता, ना अधिकार. मग त्याने ती घरं मोजली, टिपणं काढली आणि पुठ्ठ्याची छोटी घरं बनवायला घेतली. त्यातून १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथे १९२०-३० च्या काळातलं खेडं आणि त्यातून जाणारी रेल्वे आजही घडवली जातेय. त्याने मोजली तेव्हा ती साधी घरं होती. आज ती मापं म्हणजे इतिहासाचा पुरावा आहेत.

आपल्या खान्देशचं काय?

आपण तर रेल्वेच्या मांडीवरच वाढलो. भुसावळहून नागपूरकडे निघालात की वरणगाव लागतं. ही लाइन जीआयपी रेल्वेने टाकली आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. तेव्हा वऱ्हाड-खान्देशचा कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने परदेशातल्या गिरण्यांना जायचा. नंतर आमच्या केळीने गाडी पकडली. सावदा, निंभोरा, रावेर इथून केळीचे डबे भरून दिल्लीकडे रवाना व्हायचे.

पण आज मला बोलायचंय ते पीजेवर. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. २ फूट ६ इंच रुंदीचा नॅरोगेज रूळ, लांबी साधारण ५६ किलोमीटर, सुरुवात १९१८-१९ च्या सुमाराची. पाचोऱ्याहून निघायची आणि वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला पोचायची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि गाडी थांबली. नॅरोगेजवर ती पुन्हा काही धावली नाही. आता ती लाइन ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचा प्रकल्प आहे. बोदवड म्हणजे वरणगावच्या पुढे, आमच्याच लाइनवर.

ब्रॉडगेज झालंच पाहिजे, याबद्दल माझं काही वेगळं मत नाही. जामनेरच्या मुलाला कॉलेजला यायला वेगाची गाडी हवी, जुन्या आठवणी नकोत. पण नवी लाइन आली की जुना रूळ जातो, जुना फलाट जातो, जुनी पाटी जाते. एखादं छोटं इंजिन कदाचित कुठेतरी चौथऱ्यावर उभं राहील. तिकिटाची खिडकी किती उंचीवर होती, बाकाला किती फळ्या होत्या, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. आपल्याकडे ते मोजायला थोडाच वेळ उरलाय.

यात एक गंमत आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर रुंद. भागिले ८७ केलं तर १९.३ मिलीमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलीमीटरचा, कारण तो युरोपातल्या १४३५ मिलीमीटरच्या रुळावर बेतलाय. म्हणजे भुसावळ जंक्शनचं मॉडेल तयार रुळावर केलं, तर आपली ऐसपैस ब्रॉडगेज अंग चोरून उभी राहते. आता पीजे घ्या. ७६२ मिलीमीटर भागिले ८७, उत्तर ८.८. आणि एन गेज नावाचा ९ मिलीमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो! जगासाठी बनवलेल्या मापात आपलं मोठं जंक्शन बसत नाही, पण शेंदुर्णीची छोटी गाडी चपखल बसते.

स्वयंपाकघरातलं स्टेशन

आता ८७ घेऊन स्वयंपाकघरात चला. एक माठ साधारण ३५ सेंटीमीटर रुंद. भागिले ८७ म्हणजे ४ मिलीमीटर. ४ मिलीमीटरचा गोल दाणा कोणता? धणे. एक गोलसर धणा निवडा, त्यावरच्या रेघा बारीक पॉलिश पेपरने घासा, विटकरी रंग द्या, झाला माठ. मोहरी २ मिलीमीटरची, तिचा तांब्या.

केळं वीस-पंचवीस सेंटीमीटरचं. भागिले ८७, म्हणजे अडीच-तीन मिलीमीटर. हा झाला तिळाचा दाणा. बारीक तारेला फेव्हिकॉल लावून तीळ एकावर एक चिकटवा आणि हिरवा रंग द्या. खरा घड मीटरभर धरला तर आपला साडेअकरा मिलीमीटरचा झाला पाहिजे. चिमट्याने एका घडाला अर्धा तास जातो. वॅगनभर घड करायचे म्हटले की केळी भरणाऱ्या हमालाबद्दल आदर आपोआप वाढतो.

आगीची लाल बादली म्हणजे बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचा ३ मिलीमीटरचा तुकडा. कापसाची गाठ म्हणजे खोडरबराचा ठोकळा, त्यावर बँडेजचं कापड आणि शिलाईच्या दोऱ्याचे फेरे. भिंतींसाठी लग्नपत्रिकांसारखा पुठ्ठा नाही, आणि खान्देशात लग्नपत्रिकांची टंचाई कधीच नसते, भो!

पत्र्याचं छप्पर मात्र ऐकण्यासारखं आहे. पन्हाळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांत साधारण ७६ मिलीमीटर अंतर असतं. ८७ ने भागा, ०.८७ मिलीमीटर. आता ५ मिलीमीटरचा साधा बोल्ट घ्या. त्याच्या दोन आट्यांत ०.८ मिलीमीटर अंतर असतं. गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी फॉइल रबरी तुकड्यावर ठेवा आणि तो बोल्ट दाबून फिरवा. हुबेहूब पन्हाळी पत्रा.

इथपर्यंत ही हस्तकला झाली. इतिहास सुरू होतो एका प्रश्नापासून: साल कोणतं? १९७० चं स्टेशन करायचं असेल तर डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण हवी. १९८० चं असेल तर ती चालणार नाही, कारण तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. सिग्नलला हात लावायचा की रंगीत दिवे? फलाटावर तेलाचा कंदील की ट्यूबलाइट? प्रत्येक तुकड्याला पुरावा लागतो. मग आपण जुने फोटो शोधतो आणि नात्यातल्या, गल्लीतल्या निवृत्त रेल्वेवाल्यांकडे जाऊन बसतो. "काका, घंटेसाठी टांगलेला रूळ केवढा होता?" असं विचारलं की काका दोन्ही हात पसरून दाखवतात. त्या दोन तळव्यांमधलं अंतर टेपने मोजायचं. हे माप दुसरीकडे कुठे मिळणार?

माठ एक की दोन?

आता जरा जड प्रश्न. समजा मी १९३५ चं स्टेशन करतेय. फलाटावर धण्याचा माठ ठेवायचाय. किती ठेवू?

स्वातंत्र्याआधी देशातल्या कितीतरी स्टेशनांवर पाणी धर्माप्रमाणे वेगळं असायचं. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी'. वेगळे माठ, वेगळे पाणी देणारे. म्हणजे त्या काळाचं प्रामाणिक मॉडेल करायचं तर अनेक ठिकाणी दोन धणे लागतील आणि दोन पाट्या. एकच माठ ठेवला तर देखावा गोड दिसेल, पण खोटा असेल.

आणि दोन ठेवूनही गोष्ट पूर्ण होत नाही. १९०१ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा लहान मुलगा घरातल्या इतर मुलांसोबत सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांकडे कोरेगावला जायचं होतं. ही मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरले, गाडीवाले तयार होईनात. कशीबशी बैलगाडी मिळाली. सोबत जेवण होतं, पण वाटेत कोणी पाणी दिलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण पुढे लिहून ठेवली. आता सांगा, न मिळालेलं पाणी मॉडेलमध्ये कसं दाखवायचं? त्याला कोणता दाणा आहे?

माझं उत्तर असं: मॉडेल जे दाखवू शकत नाही, ते शेजारच्या पाटीवर लिहायचं. नाहीतर जुनं ते सगळं सुंदर होतं असं बघणाऱ्याला वाटतं. छोटं झालेलं जग नेहमी गोंडस दिसतं, आणि गोंडसपणा खूप काही झाकतो.

तुम्ही काय करू शकता

लेआउट बांधायलाच पाहिजे असं नाही. फोन तर सगळ्यांकडे आहे. जवळच्या स्टेशनावरची एखादी जुनी वस्तू निवडा. बाक, नळ, पाटी, काहीही. बाहेरून किंवा फलाटावरून, परवानगी विचारून, रुळांवर न उतरता फोटो काढा. शक्य असेल तिथे वस्तूला टेकवून १० रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो, म्हणजे पन्नास वर्षांनीही त्या फोटोवरून माप काढता येईल. फोटो समोरून, बाजूने आणि जमेल तर मागूनही घ्या. तारीख आणि गावाचं नाव लिहा. आणि त्या वस्तूला रोज हात लावणारा माणूस भेटला तर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा. त्याला मोठे प्रश्न विचारू नका. एवढंच विचारा: "हे कशासाठी वापरायचे?"

पाचोरा ते जामनेर या पट्ट्यातल्या श्रोत्यांना खास सांगणं: तुम्ही आधी सुरुवात करा. बाकीच्यांकडे अजून थोडा वेळ आहे. तुमच्याकडे नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरात कोणी विचारलं की डब्यातले तीळ कुठे गेले, तर सांगा, दिल्लीला गेले, वॅगन भरून.