चिखलठाणा ते शिवणी : दोन धावपट्ट्या आणि मधला बुलढाणा

छत्रपती संभाजीनगरचा चिखलठाणा विमानतळ आणि अकोल्याचा शिवणी विमानतळ यांच्यातले सरळ रेषेतील अंतर सुमारे १९७ किलोमीटर आहे. ही रेषा जाफराबादजवळून बुलढाणा जिल्ह्यात शिरते आणि चिखलीच्या किंचित दक्षिणेकडून पुढे अकोल्याकडे जाते. रस्त्याने हाच प्रवास अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो.

मग विमानाला किती वेळ लागेल? ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाच्या जुन्या डकोटाला पाऊण तास. ताशी ५०० किलोमीटर जाणाऱ्या आजच्या एटीआरला हवेतला हिशेब जेमतेम २४ मिनिटांचा. चढ-उतार धरला तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक.

हिशेब सोपा आहे. अडचण इतकीच की या दोन विमानतळांदरम्यान नियमित विमान नाही.

याचे कारण अंतरात नाही, जमिनीवर आहे. शिवणीचे विमानतळ १९४३ मधले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. त्याची धावपट्टी सुमारे १४०० मीटरची. डकोटाला तेवढी पुरेशी होती. हे विमान कच्च्या मैदानावरूनही उडे. पुढे विमाने मोठी आणि वेगवान होत गेली, तशी त्यांना लांब धावपट्टी लागू लागली. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा! पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणासाठी अधिक धाव घ्यावी लागते. धावपट्टी १८०० मीटर करण्याची मागणी त्यामुळेच वर्षानुवर्षे होत आली आहे. प्रवासाची मिनिटे घटत गेली, पण लहान विमानतळे त्या प्रवासातूनच बाहेर पडली.

बुलढाण्याच्या आकाशाला मात्र विमाने नवी नाहीत. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांची ही योजना. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या शहरांकडे परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा असा उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल.

मुंबई-नागपूर हे हवाई अंतर ६९० किलोमीटरच्या आसपास. डकोटाला अडीच तास. आणि ही सरळ रेषासुद्धा चिखली-मेहकर परिसरावरूनच जाते. मुंबईचे पत्र एका रात्रीत कलकत्त्याच्या वाटेला लागत होते, त्या काळात बुलढाणेकरांना रेल्वे गाठण्यासाठी घाट उतरून मलकापूरला, म्हणजे ४५ किलोमीटर जावे लागे. भुसावळहून मलकापूरमार्गे नागपूरला जाणारा तो लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झालेला. जिल्ह्याचे मुख्यालय त्याच्या वाट्याला आलेच नाही.

आकाशातली ती वाट जमिनीवर उतरायला पुढे सात दशके गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मेहकर, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके त्याच्यावर आहेत. मुंबई-नागपूर विमान आजही याच पट्ट्यावरून जाते आणि बुलढाणा जिल्हा ओलांडायला त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.