उद्‌भासन, खगोलीय छायाचित्रणातील

उद्‌भासन, खगोलीय छायाचित्रणातील : खस्थ पदार्थाचा प्रकाश प्रकाशसंवेदी पृष्ठावर ठराविक काळ पडू देण्याच्या क्रियेस उद्‌भासन म्हणतात. उद्‌भासन अपुरे झाल्यास अंधुक पदार्थ चित्रात उमटत नाहीत. ते अधिक झाल्यास तेजस्वी भाग संपृक्त होऊन त्यांतील तपशील कायमचा नष्ट होतो. पार्थिव वस्तूचे चित्र बिघडल्यास ते पुन्हा घेता येते; परंतु खग्रास ग्रहणासारख्या घटना पुन्हा त्याच स्थळी घडण्यास शतके लागतात. म्हणून उद्‌भासनकालाची निवड ही ज्योतिषशास्त्रीय वेधांतील एक निर्णायक बाब ठरली आहे.

प्रारंभीचा इतिहास : १८५० मध्ये अमेरिकेतील हार्व्हर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेण्यात आले, त्यासाठी सु. १०० सेकंद लागले. २८ जुलै १८५१ रोजी कोनिग्झबर्ग येथे बेरकोव्हस्की यांनी ८४ सेकंदांच्या उद्‌भासनाने सूर्याच्या किरीटाचे पहिले समाधानकारक छायाचित्र मिळविले. त्यानंतर प्रचारात आलेली ओल्या कलोडियनाची काच काही मिनिटांतच सुकून निकामी होई. कोरडी जिलेटिन काच आल्यावर ही मर्यादा दूर झाली आणि १८८० मध्ये हेन्‍री ड्रेपर यांनी मृगातील अभ्रिकेचे ५१ मिनिटांच्या उद्‌भासनाने छायाचित्र घेतले. मात्र काल दुप्पट केला म्हणजे काचेवरील परिणामही दुप्पट होतो असे नाही. मंद प्रकाशात छायाचित्रीय पायसाची कार्यक्षमता घटते, हे कार्ल श्वार्ट्‌सशिल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून नियमरूपाने मांडले.

महाराष्ट्रातील वेध : पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या नेतृत्वाखाली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा छायापट्टा कोकणातील विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व पुढे मराठवाड्याच्या मुलखावरून विदर्भाकडे गेला. जेऊर येथे नायगमवाला यांचे पथक होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल सु. १२ मी. केंद्रांतराचा कॅमेरा घेऊन तेथेच आले होते. खग्रास स्थिती सु. दोन मिनिटेच टिकणार होती. सूर्यबिंबालगतचा किरीट अतिशय तेजस्वी असून बाहेरच्या बाजूस त्याचे तेज झपाट्याने कमी होते. त्यामुळे एकाच काचेवर दोन्ही भाग उमटविणे कठीण असते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे लहानमोठ्या कालांची अनेक उद्‌भासने घेणे हा होय. अमेरिकेतील चॅबट वेधशाळेचे चार्ल्स बर्कहॉल्टर या ग्रहणासाठी भारतात आले होते. त्यांनी काचेपुढे विशिष्ट आकाराचा फिरता पडदा बसविला. त्यामुळे आतील किरीटास अल्प व बाहेरील किरीटास अधिक उद्‌भासन एकाच काचेवर मिळाले. नायगमवाला यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिचा ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक कोडईकनल येथे नेण्यात आला.

निजामिया वेधशाळा : परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामांच्या हैदराबाद संस्थानात व त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. या संस्थानाची निजामिया वेधशाळा नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केली. १९०८ मध्ये ती सरकारकडे आली. पॅरिस येथील १८८७ च्या परिषदेने संपूर्ण आकाशाचे छायाचित्रीय मापन करण्याचे ठरविले होते. त्या योजनेतील दक्षिण क्रांती १७° ते २३° हा पट्टा हैदराबादने पूर्ण केला. पुढे उत्तर क्रांती ३६° ते ३९° हा पट्टाही तिने हाती घेतला. पहिल्या पट्ट्यातील तारे परभणीच्या याम्योत्तर वृत्तावर येतात तेव्हा क्षितिजापासून सु. ५०° उंचीवर असतात. यूरोपातील वेधशाळांना ते फार खाली दिसतात. सूचीसाठी योजनेने ठरविलेली उद्‌भासने ६ मिनिटे, ३ मिनिटे व २० सेकंद अशी होती. काच किंचित सरकवून ही तिन्ही तिच्यावर शेजारी शेजारी घेत. दीर्घ उद्‌भासनात सु. ११ व्या प्रतीपर्यंतचे तारे येत, तर अल्प उद्‌भासनात तेजस्वी ताऱ्यांच्या प्रतिमा मोजण्याजोग्या लहान राहत. टी. पी. भास्करन हे १९१८ ते १९४४ या काळात संचालक होते. या कामातून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने बारा खंडांत प्रसिद्ध झाली. सर्व वेधशाळांच्या या जुन्या मापनांचा उपयोग २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचीतील सु. २५ लाख ताऱ्यांच्या निजगती काढण्यासाठी झाला.

इलेक्ट्रॉनीय ग्राहक व विवर्धन : १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. तिच्यात व नंतरच्या सीमॉस ग्राहकात प्रकाशामुळे मुक्त झालेले इलेक्ट्रॉन प्रत्येक चित्रबिंदूत साठतात व त्यांचे अंकांत रूपांतर होते. उद्‌भासनकाल वाढविल्यास त्या प्रमाणात इलेक्ट्रॉनही वाढतात. येथे श्वार्ट्‌सशिल्ट यांची अडचण उरत नाही. गेन या नावाने ओळखले जाणारे विवर्धन मात्र प्रकाश वाढवीत नाही. एका अंकामागे किती इलेक्ट्रॉन धरावयाचे एवढेच ते ठरविते. उदा., १४ अंशी कॅमेऱ्यात अंकमर्यादा १६,३८३ असते. एका इलेक्ट्रॉनास एक अंक असे विवर्धन ठेवल्यास, चित्रबिंदूत ५०,००० इलेक्ट्रॉन मावत असले तरी १६,३८३ च्या पुढे प्रतिमा संपृक्त होते. विवर्धन वाढविल्याने वाचनाच्या वेळी शिरणारा गोंगाट सापेक्षतः घटतो, पण तेजाचा पल्ला आखूड होतो.

म्हणून ग्रह व चंद्र यांच्यासाठी विवर्धन अधिक व उद्‌भासन काही मिलिसेकंदांचे ठेवून हजारो चित्रे घेतात व वातावरण स्थिर असतानाची निवडक चित्रे एकत्र करतात. अभ्रिकांसाठी विवर्धन मध्यम ठेवून आकाशाच्या पार्श्वभूमीचा गोंगाट वाचनाच्या गोंगाटाहून स्पष्टपणे अधिक होईल इतके उद्‌भासन घेतात. संगणकाच्या पडद्यावरील आयतालेख डाव्या कडेला चिकटलेला असल्यास उद्‌भासन अपुरे, तर उजव्या कडेला चिकटलेला असल्यास तेजस्वी भाग संपृक्त झाला असे समजतात. ग्राहकाचे तापमान सु. ६ ते ७° से. वाढले की त्यातील अप्रकाशित प्रवाह दुप्पट होतो. परभणीसारख्या प्रदेशात उन्हाळ्यातील रात्रीही उष्ण असतात. तेथे शीतन नसलेल्या कॅमेऱ्याने दीर्घ उद्‌भासन घेण्याऐवजी अनेक अल्प उद्‌भासने घेऊन ती मिळविणे श्रेयस्कर ठरते. पावसाळ्यात आकाश झाकलेले असल्याने मराठवाड्यात वेधांस अनुकूल काळ मुख्यतः हिवाळा हाच राहतो.

काच असो की सीमॉस, उद्‌भासनाच्या वेळी ग्राहकावर न पडलेला प्रकाश नंतरच्या कोणत्याही संस्काराने परत मिळविता येत नाही, तसेच संपृक्त झालेला भागही पुन्हा उजळ-मंद छटांत उलगडता येत नाही.