पालघरच्या हुतात्म्यांची बालवर्गात ओळख

पालघरची पाचबत्ती ही १४ ऑगस्ट १९४२ च्या पाच हुतात्म्यांची आठवण आहे. ‘चले जाव’ चळवळीत त्या दिवशी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. पोलिसांच्या गोळीबारात सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरबे येथील रामचंद्र महादेव चुरी, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी यांना वीरमरण आले. पहिली-दुसरीच्या मुलांना इतिहासाची ओळख करून देण्यासाठी या तालुक्यात याहून जवळचा विषय नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला सनावळी उमगत नाही. गाव, माणूस आणि वस्तू उमगते. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला, शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. तीच वाट इथे उपयोगी पडते.

वर्गाच्या फरशीवर खडूने रेल्वेचा रूळ काढायचा, त्यावर पालघर, उमरोळी, बोईसर ही स्टेशने मांडायची आणि पश्चिमेला समुद्राची निळी रेघ ओढायची. सातपाटी आणि मुरबे यांच्यामध्ये खाडी येते. तिथे मुले शिंपले ठेवतात. मग पाच गावांवर पाच पणत्या. सालवडची पणती बोईसर स्टेशनाजवळ आली की त्या बाजूची मुले पुढे सरकतात. तारापूरच्या कारखान्यांमुळे दुरून आलेल्या घरांतील मुलांचे गाव या नकाशात नसते. त्यांना फरशीच्या कडेला आपापले गाव काढू द्यावे, म्हणजे कोणी बाहेर राहत नाही.

काळ समजावण्यासाठी दोरीला गाठी मारतात: एक आईची, एक आजीची, एक पणजीची. हुतात्मे पणजीच्या गाठीपाशी येतात.

मोर्चाचा खेळ कागदी झेंडे घेऊन कचेरीच्या दारापर्यंत न्यावा आणि तिथेच थांबवावा. गोळीबाराचे नाटक या वयात करवू नये; शिक्षकाने एका वाक्यात सांगावे आणि मुलांचे प्रश्न येऊ द्यावेत. माणूस थोर ठरवण्यासाठी प्रसंग रचण्याचा मोहही टाळावा. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचे झाड तोडून खरे सांगितल्याची गोष्ट मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, पण ती चरित्रकार वीम्स यांनी घातलेली भर मानली जाते. पाच जणांची नावे आणि गावे मुलांच्या तोंडी बसली, तरी एवढ्या वयाला पुरेसे आहे.

हा पाठ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घेतात. पाचबत्तीला मुलांना नेताना पाऊस असतोच. छत्र्या आणि सोबतीला दोन-तीन पालक घ्यावेत.