केळीच्या भुकटीचा कारखाना

धुळे-जळगावच्या पदव्युत्तर वर्गांत उद्योजकतेचा विषय निघाला की आम्हा शिक्षकांच्या तोंडी उदाहरणे येतात ती बहुधा परदेशातली. वास्तविक एक उदाहरण अगदी हाताशी आहे. वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेऊन १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारात उतरले, ही कथा खानदेशात सर्वतोमुखी आहे. आम्हाला तिच्याहून महत्त्वाचे वाटते ते १९७८ साल. त्या वर्षी त्यांनी केळीच्या भुकटीचा डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला आणि यंत्रसामग्रीत फेरफार करून तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले. पाचक औषधांत लागणारे हे द्रव्य. नावीन्य यंत्रात थोडे, कच्च्या मालाकडे पाहण्याच्या दृष्टीत अधिक. शिवाय चीक यायचा शेतातून. तेव्हा शेतकऱ्याचा विश्वास हेच पहिले भांडवल. पाइप आणि ठिबक सिंचन पुढचे.

त्यांचे पत्नीविषयीचे 'ती आणि मी' मराठीवाले वाचतात, वाणिज्यवाल्यांनीही वाचावे. आणि केळीच्याच मुलखात केळीची भुकटी का चालली नाही, यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. जुने बागायतदार अजून भेटतील.