सळई, यंत्रमानव आणि रेजा

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघाले की सिलतरा लागते. स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल यांची ही औद्योगिक वसाहत. येथे तापलेले पोलाद रुळांमधून सरकत जाऊन सळई बनते. तीच सळई इमारतीच्या जागेवर पोहोचली की मात्र माणूस ती हाताने वाकवतो आणि तारेने बांधतो. प्रशासनात वावरताना हा विरोधाभास मला नेहमी विचारप्रवृत्त करीत आला आहे.

त्याचे कारण साधे आहे. कारखान्यात काम यंत्राकडे येते. बांधकामात यंत्राला कामाकडे जावे लागते. तेथील जमीन, उंची आणि हवामान रोज बदलते. यंत्रमानवाची खरी अडचण हीच.

जपानमध्ये मजुरांची टंचाई भासू लागली तेव्हा शिमिझू कंपनीने 1983 साली पोलादी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारा यंत्रमानव आणला. माणसाच्या फुप्फुसांना घातक असे ते काम होते. तथापि 1990 नंतर तेथे मंदी आली आणि असे अनेक प्रयोग मागे पडले. पुढे अमेरिकेत पुलाच्या सळया तारेने बांधणारे यंत्र निघाले. आपल्याकडे 2023 साली बंगळुरूत यंत्राने थरावर थर रचून एक टपाल कार्यालय उभारले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर अडकले. ढिगाऱ्यात आडवे भोक पाडणारे यंत्र आतल्या लोखंडात गुंतून तुटले. अखेरचे काही मीटर हाताने खणून, 28 नोव्हेंबरला सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. यंत्राची मर्यादा तेथे दिसली. पण अशा जागी जिवावर उदार होऊन माणसानेच का उतरावे, हा प्रश्नही तेथेच उभा राहिला.

म्हणून माझ्या मते यंत्र आणावे की नाही, हा वाद गौण आहे. ते आधी कोणत्या कामावर आणावे, हे महत्त्वाचे. उंच परांची, बोगदा, विषारी धूळ येथे त्याला अग्रक्रम असावा. आणि ज्याचे काम जाईल, त्याला ते यंत्र चालवण्याचे शिक्षण मिळावे. त्यासाठी पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर मजूर कल्याणासाठी उपकर बसवला. तो निधी पडून राहिल्याबद्दल 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली.

छत्तीसगडची कित्येक कुटुंबे भाताची कापणी आटोपली की परप्रांतात बांधकामावर जातात. त्यांतली घमेले वाहणारी रेजा प्रशिक्षणाच्या यादीत बहुधा शेवटी असते. घर सोडून दूर आलेल्या आपल्यासारख्या मराठी वाचकांना तिची अवस्था निराळी समजावून सांगायला नको. यंत्रमानवाच्या स्वागताची तयारी तिच्या नावापासून सुरू व्हावी, एवढेच मला सुचवायचे आहे.