हेब्रिडीझ बेटांवरील दुष्काळ आणि फ्री चर्च

1843 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या ताब्याचा खटला चालला. वडील बंधू नारायण ख्रिस्ती झाले होते व धाकटा स्कॉटिश मिशनऱ्यांपाशी राहत होता. न्यायालयाने मुलाला पित्याच्या हवाली केले. पुढे त्यास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी उचलला व त्यावरून मोठे रण माजले. हे मिशनरी त्याच वर्षी स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून फुटून निघालेल्या ‘फ्री चर्च’ला मिळाले. आपल्याकडे या चर्चची आठवण राहिली ती अशी. तिच्याच इतिहासातील दुसरे एक प्रकरण येथे मांडावयाचे आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीझ नावाचा बेटांचा समूह आहे. तेथील कुळे समुद्री शेवाळ जाळून क्षार काढण्याच्या धंद्यावर काही काळ जगली. 1820 नंतर तो धंदा बसला. जमिनीचे तुकडे इतके लहान की त्यांवर बटाट्याखेरीज दुसऱ्या कशानेही कुटुंबाचे पोट भरेना. 1846 साली बटाट्यावर करपा आला आणि उभे पीक शेतातच कुजले.

अशा वेळी कायदा काय म्हणत होता? 1845 चा स्कॉटलंडचा दरिद्रीपोषणाचा कायदा नुकताच झाला होता. त्याअन्वये वृद्ध, रुग्ण व अनाथ यांस साह्य मागता येई. धडधाकट माणसास तसा हक्क नव्हता, मग त्याची मुले उपाशी का असेनात. जे कायद्याने मागता येत नाही ते दुसऱ्याच्या दयेवरच अवलंबून असते, आणि 1846 च्या अखेरीस व 1847 च्या आरंभी ही दया संघटितपणे दाखविणारी संस्था बहुतांशी एकच होती, ती म्हणजे फ्री चर्च.

गंमत अशी की या चर्चला त्या मुलखात पाय ठेवायला जागा मिळत नव्हती. काही जमीनदार तिला प्रार्थनामंदिरासाठी जमीनच देत नसत. एग बेटाचे पाद्री जॉन स्वॉन्सन यांस ‘बेट्सी’ नावाच्या लहानशा गलबतावर बिऱ्हाड करावे लागले. सुनार्टच्या खाडीत तर 1846 साली लोकांनी लोखंडी तरते चर्च आणून नांगरले. तिसवाडी-साष्टीतील आपले देव सोळाव्या शतकात ज्यांनी नदीपलीकडे अंत्रुजात नेले, त्यांच्या वंशजांस या प्रसंगाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पाद्र्यांस बेटोबेटी नेण्यासाठी चर्चने ‘ब्रेडॉल्बेन’ नावाचे जहाज बांधले होते. तेच आता धान्य व पीठ वाहू लागले. देशभरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा झाली. तीन हजारांहून अधिक पुरुषांस दक्षिणेकडील रेल्वेच्या कामांवर नेऊन पोहोचविण्यात आले. त्यायोगे घरी खाणारी तोंडे कमी झाली आणि मजुरीचा पैसा मागे येऊ लागला. दुष्काळग्रस्तांत बहुसंख्य या चर्चचेच अनुयायी होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. तथापि कॅथॉलिक कुटुंबांनाही तेच पीठ मिळाले. साह्य देताना कोणाचा पंथ विचारला गेला नाही. त्या काळी प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक यांच्यातील वैर किती तीव्र होते हे ज्यास ठाऊक आहे, तो ही गोष्ट सामान्य मानणार नाही. शारीरिक वा मानसिक क्लेशाने ज्याची मती ग्रासली आहे, त्याच्या संमतीकडे आपला करार कायदा 16 व्या कलमात संशयाने पाहतो. दाण्यांबरोबर पंथ देणाऱ्याची देणगी आम्ही वकील त्याच कसोटीला लावू; ती या चर्चला तेथे लावावी लागत नाही.

फेब्रुवारी 1847 मध्ये निरनिराळे निधी एकत्र करून एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. त्याच्यापाशी दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. अन्न पुष्कळ पोहोचले. आयर्लंडसारखा संहार येथे झाला नाही, याचे श्रेय या मंडळालाही आहे. परंतु वृत्ती पालटली. सरकारी खजिन्याचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन (हेच पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले) यांस फुकटचे अन्न म्हणजे आळसाचे बीज वाटे. 1848 पासून दिवसभराच्या श्रमाबद्दल पुरुषास एक रत्तल पीठ असा नियम झाला. उपाशी माणसाने आपली भूक खरी आहे हे खडी फोडून सिद्ध करावयाचे! त्या श्रमांतून झालेले रस्ते तिकडे ‘डेस्टिट्यूशन रोड’ म्हणून ओळखले जातात. 1877 साली सर रिचर्ड टेंपल यांनी आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर एक रत्तल धान्य व एक आणा ही मजुरी ठरविली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध आवाज उठविला. दोन्हीकडचे माप एकच आहे.

1850 साली मंडळाने काम बंद केले, आणि बटाटा तर अजून सुधारला नव्हता. 1851 मध्ये बारा व दक्षिण उइस्ट या बेटांचे मालक गॉर्डन ऑफ क्लूनी यांनी सुमारे 1700 माणसे जहाजांत घालून कॅनडास धाडली. ती बहुतेक कॅथॉलिक होती. लहान कुळांस जमिनीवरून न हटविले जाण्याचा हक्क तेथे 1886 च्या कायद्याने मिळाला.