शहाजोग हुंडी : भरवसा कोणाच्या जबाबदारीवर?

जुना व्यापार नुसत्या भरवशावर चालायचा, असं आपण सहज म्हणून जातो. पण तो भरवसा आंधळा नव्हता. हुंडीचंच बघा. १७ व्या शतकात आग्र्याची हुंडी सुरतेला वटत असे. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए यानं त्या हुंड्यांचे दर नोंदवून ठेवले आहेत.

यातला एक प्रकार म्हणजे शहाजोग हुंडी. तिचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच ते मिळत. आणि हुंडी बनावट निघाली तर? पैसे उचलणाऱ्या शहानं ते व्याजासकट परत करायचे, असा रिवाज होता. म्हणजे दुसऱ्याची हुंडी वटवताना तो स्वतःची पत पणाला लावत होता. त्यामुळे समोरचा माणूस कोण, कुठला, ही चौकशी तो आधी करणारच!

१८८१ साली इंग्रज सरकारनं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज कायम ठेवले.

आज ‘शहाजोगपणा’ हा शब्द आपण टोमणा म्हणून वापरतो. साळसूदपणाचा आव राहिला. नुकसान भरून देण्याची जबाबदारी मात्र त्या शब्दातून गळून गेली.